शेजारच्या सीटवरून

वोलोसमधल्या दिमित्रियादोस रस्त्यावरच्या सिग्नलला गाडी बंद पडली, यात खरं म्हणजे एवढं काही नव्हतं. गाड्या बंद पडतातच, आणि माझी तर चौतीस वर्षांची आहे. पण ही खोकली नाही, अडखळली नाही, तिनं आचका दिला नाही, नुसती गप्प झाली. भांडण अर्ध्यावर सोडून एखादं माणूस आतल्या खोलीत निघून जातं, तशी. मागच्या बसवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. मी चावी फिरवली, काट्यांनी अंग हलवलं, इंजिन हललं नाही. आणि मग मी काय केलं, तर उजवीकडे मान वळवली आणि चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, "काय झालं गं?" शेजारची सीट रिकामी होती. चार वर्षं ती रिकामीच आहे, मला काय ते माहीत नव्हतं? पण तोंडाला माहीत नव्हतं. काच खाली होती, बाजूला स्कूटरवर एक मुलगी थांबली होती, तिनं आधी माझ्याकडे आणि मग त्या सीटकडे पाहिलं आणि सिग्नल सुटल्यावर घाईनं निघून गेली. मला राग आला. गाडीचा नाही, बसवाल्याचा नाही, त्या मुलीचा आला, कारण तिनं ऐकलं होतं. दहा मिनिटांनी गाडी काही झालंच नाही अशी सुरू झाली. घरी जाऊन मी दोन अंडी तळली, एक खाल्लं, आणि दुसऱ्याकडे बघत बसलो.

आठवड्यात असं तीनदा झालं. मग मी ती फोतिसकडे नेली. फोतिसचं गॅरेज बंदराच्या मागच्या गल्लीत आहे आणि त्याचा आवाज बंदरापर्यंत जातो. तीस वर्षांची ओळख, त्यातली दहा एक वर्षं आम्ही कशावरून तरी बोलत नव्हतो, आता कशावरून ते दोघांनाही आठवत नाही. त्यानं शेजारच्या सीटसमोरच्या खणाखालचं झाकण काढलं, आतला तो काळा डबा बोटानं चाचपला आणि हात झटकला. "पोळतोय. इंजिनाचा कॉम्प्युटर गेला बाबा तुझा. गार असला की चालतो, तापला की आत कुठंतरी जोडणी सुटते. मी डाख देऊन बघेन, पण म्हाताऱ्याच्या दाताला किती दिवस सिमेंट भरणार?" मी म्हटलं, डाख देऊन बघ. त्यानं बघितलं. चार दिवस चालला आणि पाचव्या दिवशी चौपाटीवर, सगळं गाव फिरायला बाहेर पडलेलं असताना, पुन्हा गप्प. "झालं समाधान?" फोतिस म्हणाला. "आता नवा घे. वीस दिवसांवर घाटातली गाड्यांची चढाईची शर्यत आलीय, आणि तू वर्षभर त्या एका दिवसासाठी जगतोस, हे मला माहितेय, तुलाही माहितेय, पलीकडच्या बेकरीवाल्यालाही माहितेय." आणि त्यानं तेलकट कागदावर तीन डब्यांची नावं लिहून दिली. एक पोलंडचा, एक स्वीडनचा, एक ऑस्ट्रेलियाचा. पोलंडचा स्वतः शिकतो, म्हणाला. धुराच्या नळीत एक सेन्सर बसवायचा, मग तुम्ही नुसती गाडी चालवायची, पेट्रोल कुठं जास्त पडतंय, कुठं कमी पडतंय ते तोच बघतो आणि आपले आकडे आपणच दुरुस्त करतो. "एकट्या माणसाचं काम आहे ते. तुझ्यासारख्याचं," तो म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. फोतिसच्या मनात काही नसतंच, जे असतं ते तोंडात असतं.

बंदरावर मी क्रेन चालवतो. चाळीस मीटर उंचीवर काचेची खोली, पायाखालीसुद्धा काच, आणि आठ तास बोलायला वायरलेसवरचा एक माणूस, तोही फक्त "डावीकडे", "थांब", "सोड" एवढंच बोलतो. जहाजं उशिरा येतात तेव्हा वेळच वेळ असतो. त्या आठवड्यात मी तिथं बसून त्या तीन डब्यांविषयी जे जे कोणी लिहिलंय ते ते फोनवर वाचलं. किती तारा आत येतात, किती बाहेर जातात, तेलाचा दाब पडला तर कुठला आधी इंजिन बंद करतो, इंजिनातला ठोका कुठल्याला आधी ऐकू येतो. दोन माणसं एका डब्यावरून एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती आणि मला त्यांचा हेवा वाटला, कारण दोघं तरी होती. मी यादी केली, खोडली, परत केली. स्वीडनचा बरा वाटला, मग ऑस्ट्रेलियाचा. पोलंडच्याला मी प्रत्येक वेळी शेवटी टाकत होतो आणि कारण लिहायची जागा मोकळी सोडत होतो. खाली माणसं दाण्याएवढी दिसत होती. खरी गोष्ट अशी होती की मला कुठलाच नको होता. तो जुना काळा डबा काढला की त्यातले आकडे जाणार होते, आणि ते आकडे अर्गिरोचे होते. अर्गिरो माझी बायको. कागदावर अजूनही, कारण कागद करायचेही दोघांनी मनावर घेतलेलं नाही. तिच्या हातचं माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नव्हतं. कपडे नेले, पुस्तकं नेली, खिडकीतली ती वासाच्या पाल्याची कुंडी नेली, एवढंच काय, भिंतीवरचे खिळेसुद्धा उपटून भोकं बुजवून गेली, व्यवस्थित बाई. हे एवढं मात्र नेता आलं नाही.

ती तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. गाड्यांचं तिला काडीचं प्रेम नव्हतं. पण लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी मोठा टर्बो बसवला, अथेन्सचा एक ट्यूनर, म्हणजे इंजिनाचे आकडे जुळवून देणारा, पोसला, आणि त्यानं दोन दिवसांत जे करून दिलं त्यानं गाडी चढावर उंटासारखी चालायला लागली. त्या रविवारी जेवताना ती म्हणाली, "दाखव मला, असतं काय त्यात?" असतं काय, तर एक तक्ता असतो. आडवे इंजिनाचे फेरे, उभा इंजिनावरचा भार, सोळा गुणिले सोळा, दोनशे छप्पन चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा, की त्या क्षणाला पेट्रोल किती सोडायचं. ती बघत राहिली. "एवढंच?" म्हणाली. "हे म्हणजे मुलांचे पेपर तपासण्यासारखं आहे." मग अकरा वर्षं, पाऊस नसलेला प्रत्येक रविवार, डोंगरावरच्या पोर्तारियाचा घाटरस्ता. मी चालवायचो, ती शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. हे काम एकट्याला होत नाही. एकानं गाडी त्या चौकटीत नेऊन धरून ठेवायची, तिसऱ्या गिअरात, तीन हजार फेऱ्यांवर, अर्धा ॲक्सिलरेटर, आणि दुसऱ्यानं आकडा बदलायचा. ती म्हणायची, "धर. धर. अजून थोडं. हां." हे "हां" ऐकायला मी आठवडाभर चाळीस मीटरवर बसत असे, असं आता वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. तेव्हा वाटायचं की आपण शर्यतीसाठी जगतो. वर गेल्यावर झाडाखाली बसून आम्ही पालक भरलेली पाई खायचो, ती बोटं पुसून पुन्हा लॅपटॉप उघडायची. खालच्या आणि मधल्या फेऱ्यांवर तर तिनं असं काम केलं की गाडी सिग्नलला उभी असताना डॅशबोर्डवर ठेवलेल्या कॉफीला तरंग यायचा नाही. फक्त अगदी वर, सहा हजारांच्या पुढं, पूर्ण ॲक्सिलरेटरला, गाडी जरा अडखळायची. मी दर वेळी म्हणायचो, वरती अडखळतेय. ती म्हणायची, "पुढच्या वेळी बघते." अकरा वर्षं पुढची वेळ आली नाही. मी त्यावरून तिला चिडवायचो. आकड्यांच्या बाई, पण शेवटचं गणित सुटत नाही. ती हसायची. दर रविवारी संध्याकाळी मात्र तिची पोटरी धरायची, अशी की ती पलंगावर उठून बसायची आणि दात आवळायची. मग मी न्हाणीघरातून निळ्या स्पिरिटची बाटली आणून चोळून द्यायचो. आठवडाभर फळ्यापुढं उभी असतेस, दुसरं काय होणार, असं मी म्हणायचो. ती हो म्हणायची. ती पोटरी हातात घट्ट गोळा व्हायची आणि हळूहळू सुटायची, ते सुटणं मला फार आवडायचं. आता लिहायला लाज वाटते, पण आवडायचं.

आणि ते आकडे कोणाला काढता येणार नव्हते, कारण डब्याला कुलूप होतं. आमच्यात हा रिवाजच आहे. ट्यूनर काम संपवतो आणि डब्याला पासवर्ड घालतो. नाहीतर दुसरा ट्यूनर ते आकडे चोरून स्वतःचे म्हणून विकणार, किंवा गाडीवालाच घरी बसून खुडबुड करणार, इंजिन फोडणार आणि गावभर याच्या नावानं शंख करणार. जो कुलूप घालत नाही तो ट्यूनरच नव्हे, असं फोतिस म्हणतो आणि मीही म्हणत आलो. अर्गिरो गेल्यावर शर्यतीतली पोरं विचारायची, काका, बघू तरी द्या ना तुमचा तक्ता, गाडी रांगेत उभी असते तेव्हा आवाजसुद्धा येत नाही. मी म्हणायचो, बंद आहे, बायकोनं कुलूप घातलंय. पासवर्ड? तो तिच्याकडे. मग विचारा ना त्यांना. मी म्हणायचो, मी नाही विचारणार. यात मी माझी काहीतरी मोठी शान समजत होतो. तिचं तिनं बंद केलं, मी उघडायला गेलो नाही. चार वर्षं मी हे इतक्यांदा बोललो की मला ते एखाद्या नियमासारखं पाठ झालं. ती गेली तेही काही भांडून गेली नाही. एका रविवारी, याच रस्त्यावर, पाण्याच्या टाकीनंतरचं ते उलटं वळण येतं तिथं, ती लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली, "मी कवालाला बदली मागितलीय. आईजवळ." मी गिअर खाली टाकत होतो. मी म्हटलं, "आत्ता नको, वळण आहे." ती गप्प बसली. वळण संपलं. त्यानंतर दुसरं वळण आलं, तिसरं आलं, मग सरळ रस्ता आला, आणि मी विचारलं नाही. मला वाटलं ती पुन्हा बोलेल. तिला बोलायचं असतं तर बोलली असती, असं मी धरून चाललो. सप्टेंबरात ती गेली, मी खोकी ट्रकमध्ये चढवू लागलो, आणि तिनं एक खोकं माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "हे राहू दे, जड आहे, मी नेते." तिच्या डोळ्यांत काय होतं ते बघायला मी मान वर केली नाही.

गुरुवारी फोतिसनं मला त्सिपुरो प्यायला ओढून नेलं. दुसऱ्या बाटलीबरोबर ताटलीत ऑक्टोपस आला तेव्हा तो मुद्द्यावर आला. "हे बघ स्तेर्गिओस, मी तुला डबा निवडायला सांगून चूक केली. डबा कोण निवडतं? माणूस ट्यूनर निवडतो, आणि ट्यूनरच्या हाताला जो डबा बसतो तो घेतो. तुझा ट्यूनर कोण?" मी बाटली माझ्याकडे ओढली. "तेच म्हणतोय मी. तुझा ट्यूनर कवालाला आहे. तिला फोन कर, पासवर्ड घे. तिचे आकडे एकदा बाहेर आले की नव्या डब्यात पाया म्हणून भरू, कुठलाही घे मग. नाहीतर शून्यापासून सुरू, आणि उरलेल्या पंधरा दिवसांत शून्यापासून काही होत नाही, झाली तर फजिती होते." मी म्हटलं, चार वर्षांत फोन नाही केला, आता पासवर्डसाठी करू? तो म्हणाला, "मग कशासाठी करणार होतास?" आणि ऑक्टोपसचा शेवटचा तुकडा उचलला. मला फोन करायचा नव्हता. आणि मला फोन करायचा होता, इतका, की त्या डब्याची जोडणी सुटली तेव्हा आत कुठंतरी मला बरंच वाटलं असेल, याची मला त्या टेबलावर शंका आली. पंधरा दिवसांवरची शर्यत हा बहाणा, पण बहाणा तरी चार वर्षांत कुठं मिळाला होता.

शुक्रवारी शाळेच्या मधल्या सुट्टीची वेळ धरून, वर क्रेनमधून, मी फोन लावला. तिसऱ्या घंटीला तिनं उचलला. मागं मुलांचा कल्ला होता. "स्तेर्गिओस? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. गाडीचा कॉम्प्युटर गेला."

"म्हणजे गेलंच की कोणीतरी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तसाच होता, शेवटचं अक्षर जरा ओढणारा. मी पाठ केलेलं म्हणून टाकलं. डबा तापतो, नवा घ्यायचा आहे, तुझे आकडे काढून घ्यायचेत, तर तो पासवर्ड, म्हणजे तुला आठवत असला तर, आणि द्यायचा असला तर.

"कसला पासवर्ड?"

"डब्याचा. कुलूप घातलंस त्याचा."

मुलांचा कल्ला लांब गेला, तिनं बहुतेक दार लावलं. "मी कुठं कुलूप घातलं? मी कशाला घालू कुलूप, मी काय ट्यूनर आहे? ते घरातल्या गाडीचं काम होतं." मी म्हटलं, सगळे घालतात. "सगळे घालत असतील. अरे, चार वर्षांत तू एकदाही लॅपटॉपची तार लावून बघितली नाहीस?" मी म्हटलं, बंद आहे असं धरून चाललो होतो. मी पायाखालच्या काचेतून खाली बघत राहिलो, एक माणूस दोरखंड गुंडाळत होता. "हो," ती शेवटी म्हणाली, "तू धरून चालतोस." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी तरी रागावलो असतो. मग बाईंच्या आवाजात तिनं विचारलं, कुठला घेतोयस? मी तिन्ही सांगितले. ती म्हणाली, "तो शिकणारा घे. तुला बरा पडेल. शेजारी कोणी लागत नाही त्याला." मी म्हटलं, तोच तर नको आहे. तिनं का म्हणून विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. घंटा वाजली, तिचा तास होता. आई कशी आहे हे विचारायचं माझ्या लक्षात आलं तेव्हा हातातला फोन बंद झालेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोतिसच्या गॅरेजात मी त्याच्या लॅपटॉपची तार लावली. ती जोडायची जागा त्याच खणाखाली, म्हणजे शेजारच्या सीटवर बसल्याशिवाय हात पोचत नाही. माझी स्वतःची गाडी, सोळा वर्षं झाली, आणि त्या सीटवर मी पहिल्यांदा बसत होतो. तिला मी कधी गाडी चालवायला दिली नव्हती, त्यामुळे मला तिथं बसायची वेळच आली नव्हती. लॅपटॉपनं एक क्षण विचार केला आणि तक्ता उघडला. काही विचारलं नाही. दोनशे छप्पन चौकटी, अशा उघड्या पडल्या की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. फोतिस खिडकीतून वाकला आणि बराच वेळ बोलला नाही, हे त्याच्या बाबतीत होत नाही. "ही बाई," तो म्हणाला, "बघ हे. खालपासून मधपर्यंत. एक आकडा इकडचा तिकडं नाही, हात फिरवला तर टोचायचं नाही. मी तीस वर्षांत असं काम बघितलं नाही." मग त्यानं तेलकट बोट वर नेलं. "इथं मात्र काय झालं? सहा हजारांच्या पुढं सगळं ओबडधोबड. अंदाजानं ठोकलेले आकडे. इथं तिनं बघितलेलंच दिसत नाही." मी म्हटलं, तिथंच अडखळते, मी तिला अकरा वर्षं सांगत होतो. "मग आता आपणच नोंद करून घेऊ. तू चालव, मी बघतो," तो म्हणाला, आणि चष्मा शोधायला लागला, आणि चष्मा घरी होता. "जाऊ दे. मी चालवतो, तू बघ. डबा वीस मिनिटं गार राहतो, एक चढ होतो तेवढ्यात. तुला काय करायचंय, पडद्यावर नजर ठेवायची आणि आकडा लाल झाला की तो लिहून घ्यायचा. शाळेतलं पोर करेल."

फोतिस बरी गाडी चालवतो. माझ्याहून हळूच चालवतो, आणि हे मी मुद्दाम सांगतोय. पहिल्या चार वळणांपर्यंत मी पडद्यावर होतो, आकडे हिरवे होते, तिचे होते, मधून मधून मी "धर, धर" असंसुद्धा म्हटलं आणि मला हसू आलं. मग टाकीच्या खालचा सरळ चढ आला आणि त्यानं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. सीटनं मला मागून धरलं. पाच हजार. साडेपाच. मला पडद्यावर बघायचं होतं, तेवढंच काम होतं, आणि मला बघता येईना. मान वर गेली ती गेली. पुढं कठडा होता, कठड्यापलीकडं हवा होती आणि हवेच्या खाली सगळं वोलोस आणि समुद्र, आणि हातात धरायला माझ्याकडे चाक नव्हतं, मांडीवर एक पुस्तकाएवढी वस्तू होती. त्या सीटवरून वळण वेगळंच दिसतं. ते आपल्याकडे येतं. चालवणाऱ्याचा एक कान दिसतो आणि एक गाल, तो काय करणार आहे ते दिसत नाही. सहा हजारांना गाडी अडखळली, फोतिस ओरडला, "लाल झाला का? घे लिहून," आणि मी काहीच लिहिलं नाही, कारण माझा उजवा पाय ब्रेक दाबत होता. तिथं ब्रेक नाही. पण पाय दाबत होता, सगळा जीव लावून, आणि तो सपाट कार्पेटवर नव्हता. तो एका खळग्यात होता. टाच बरोबर बसेल एवढा खळगा, कार्पेट झिजून खालचा पत्रा लागत होता, आणि पुढं चवड्याच्या जागी दुसरा, लहान. तो मला करावा लागला नव्हता, आधीच केलेला होता. माझा पाय त्यात एक नंबर मोठा होता.

"थांबव," मी म्हटलं. त्याला वाटलं डबा तापला. त्यानं टाकीजवळ बाजूला घेतली आणि खाली उतरून सिगारेट पेटवली. मी बसून राहिलो. अकरा वर्षं, वर्षाचे चाळीस रविवार धरले तरी. ती बाई ब्रेक दाबत होती. सहा हजारांच्या पुढं तिनं पडद्याकडे पाहिलेलंच नव्हतं, ती रस्त्याकडे बघत होती, किंवा डोळे मिटत होती, आणि वर पोचल्यावर अंदाजानं आकडे ठोकून "पुढच्या वेळी बघते" म्हणत होती, आणि मी तिला आकड्यांच्या बाई म्हणून चिडवत होतो, आणि ती हसत होती. एकदा म्हणाली असती, हळू. म्हणाली असती तर मी काय म्हटलं असतं ते मला चांगलं माहीत होतं. आत्ता नको, वळण आहे. फोतिसनं खिडकीतून विचारलं, बरं वाटत नाहीय का तुला, पांढरा पडलायस. मी म्हटलं, सवय नाही शेजारी बसायची. तो म्हणाला, "कोणालाच नसते. म्हणून तर मी बायकोला मागं बसवतो." आणि खरंच, गाडी तेवढ्यात गप्प झाली, डबा तापला होता, आणि आम्ही उताराला लावून बंद इंजिनानं गावापर्यंत आलो, पुन्हा पुन्हा ब्रेक दाबत, तो त्याच्या बाजूनं आणि मी माझ्या.

संध्याकाळी जिना चढताना पोटरी धरली. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, अशी की मी कठडा धरून खालीच बसलो. वरच्या मजल्यावरची म्हातारी, फोतिनीबाई, पिशवी घेऊन उतरत होती, म्हणाली, "काय रे, वय झालं का?" मी म्हटलं, हो, आजच झालं. घरात लंगडत जाऊन न्हाणीघरातलं कपाट उघडलं. निळ्या स्पिरिटची बाटली तिथंच होती, अर्धी, ती तेवढी तिनं नेली नव्हती. टबाच्या काठावर बसून पँट वर सरकवली आणि चोळायला लागलो. आपली आपण पोटरी चोळता येत नाही नीट. अंगठा जिथं हवा तिथं पोचत नाही, मनगट उलटं पडतं. तो वास आला आणि मला रडू आलं. आलं म्हणजे आलं, मी काही अडवलं नाही, बघायला होतं कोण. मग फोतिसला फोन लावला. म्हटलं, पोलंडचा मागव, शिकणारा. तो म्हणाला, "शेवटी? आठवडाभर तर नाक मुरडत होतास." मी म्हटलं, खालच्या आणि मधल्या चौकटी अर्गिरोच्या भर, त्यांना त्यानं हात लावायचा नाही, तसं बसवता येतं, मी वाचलंय. फक्त सहा हजारांच्या पुढच्या त्याला शिकू दे. "का, त्या तू नि मी करू की, मी चष्मा आणतो." नको, मी म्हटलं, तिथं कोणी बसायचं नाही. त्याला पोटऱ्या नसतात. फोतिस म्हणाला, काय नसतं? मी म्हटलं, काही नाही, मागव तू.

मग बराच वेळ फोन हातातच होता. तिला काय सांगायचं होतं ते मी मनात लावून पाहिलं, सगळी वाक्यं माझीच निघत होती, मला कळलं, मला दिसलं, मला वाईट वाटतं. तिच्यासाठी त्यात एक प्रश्नसुद्धा नव्हता. बाहेर अजून उजेड होता, खालच्या बाकावर पोरं बिया सोलत बसली होती. मी नंबर लावला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला.

"आता कोण गेलं?"

"कोणी नाही. एक विचारायचं होतं." माझा हात पोटरीवरच होता. "तुझी पोटरी अजून धरते का गं?"

मी फोन कानापासून काढून पाहिलं, चालू होता. तिला कळलं असावं. तिला माझं सगळं आधीच कळायचं. तिकडं कुठंतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा.

"नाही," ती म्हणाली, हळू, मला लागू नये अशा बेतानं. "इथं आल्यापासून एकदाही नाही."

"बरं झालं," मी म्हटलं. मग मी विचारलं, आई कशी आहे, आणि ती सांगू लागली, आणि मी एका हातानं बाटलीचं झाकण लावत ऐकत राहिलो.